वेशीवरचा बांबू आणि अर्ध्यावर राहिलेली कादंबरी

तुमच्या पत्रात तीन गोष्टी आहेत. मार्च २०२० मध्ये अर्ध्यावर आलेली तुमची कादंबरी थांबली ती थांबलीच, त्याची टोचणी अजून जात नाही, म्हणून माझं लेखन त्या काळात कसं चाललं होतं हे तुम्हाला हवंय. शिवाय देवावरच्या श्रद्धेचा काही आधार झाला का, आणि तो काळ आता कादंबरीत आणावा का. तुम्ही कोकणातल्याच, त्यामुळे पुष्कळसं तुम्हीही पाहिलेलं असणार. तरी सविस्तर सांगते.

लेखन चाललं, पण पानं फार झाली नाहीत. माझी कादंबरी गिरणी कामगाराच्या घरातली आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माणसं मात्र एकेक करून गावाला आली. माझा नायक त्यांतला एक. लालबागची खोली भावाच्या हवाली करून, लोखंडी ट्रंक घेऊन तो दापोली तालुक्यातल्या आपल्या गावी येतो आणि पुढे त्याचं नि गावाचं काय होतं, ही गोष्ट. टाळेबंदी सुरू झाली तेव्हा मी नेमकी त्याच्या परत येण्याच्या प्रकरणात होते. तो संध्याकाळच्या एसटीने उतरतो, पाखाडी चढून येतो, आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते आणि त्याला घरात घेते. प्रसंग बरा उतरला होता.

आणि मग आमच्या गावात खरोखरची माणसं परत यायला लागली.

त्या दिवसांवर लिहिलेलं बरंच काही माझ्या वाचनात आलं. त्यात बहुतेक ठिकाणी शांतता असते. रिकामे रस्ते, बाल्कनी, पक्ष्यांचे आवाज. आमच्याकडे शांतता कुठली? टाळेबंदी लागली ती २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, आणि पुढचे दोन महिने म्हणजे आंब्याचा हंगाम. वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. बागायतदार पेट्या टेम्पोत भरून थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात पाठवत होते, त्यासाठी परवान्यांना धावत होते. घरोघरी फणस फुटत होते, कोकमं उन्हात पडली होती, आणि जो तो फोन कानाला लावून. पलीकडे दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं, चाळीचा सामाईक संडास, काम बंद, आणि रोज शेजारच्या मजल्यावर कुणीतरी ‘पॉझिटिव्ह निघाला’ ही बातमी. सगळं बोलून झालं की शेवटी हळूच विचारणा व्हायची: "येऊ का?"

माझं सगळं आयुष्य या किनाऱ्यावर गेलं. चाकरमान्याने गावाला ‘येऊ का’ असं विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तो शिमग्याला येतो, गणपतीला येतो, मे महिन्यात पोरंबाळं घेऊन येतो. घर त्याचंच आहे. विचारायचं काय त्यात? त्या दोन शब्दांनी माझी कादंबरी जागच्या जागी थांबवली, आणि पुढे जो काही जीव तिच्यात आला तोही त्यांच्यामुळेच आला.

काही गावांनी वेशीवर आडवा बांबू बांधला, काहींनी झाड पाडून रस्ता अडवला. ‘बाहेरच्यांना बंदी’ अशा पाट्या लागल्या. शहरातल्या पुष्कळांनी त्यावरून कोकणी माणसाला नावं ठेवली. मी ठेवणार नाही. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या पुढची. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय तीन-चार तासांच्या वाटेवर. उपकेंद्रात ताप बघायला एक सिस्टर. भीती खरी होती. ज्यांना ई-पास मिळाला ते गाडीने आले, ज्यांना नाही मिळाला त्यांतले काही महामार्गाने नि रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले. कशेडी घाटातल्या नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागत. हातावर शिक्का मारून घ्यायचा, आणि गावात आलं की ग्रामकृती दल सांगेल तितके दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं.

आमच्या वाडीतली एक बाई शाळेत असलेल्या मुलाला रोज दुपारी डबा न्यायची. वय सत्तरच्या घरात. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण. होड्या ओढून ठेवलेल्या, ताजी मासळी नव्हतीच. डबा शाळेच्या गडग्यावर ठेवायचा आणि मागे आंब्याच्या बुंध्यापर्यंत जायचं. मग तो वर्गातून बाहेर यायचा, डबा उचलायचा आणि आदल्या दिवशीचा घासून ठेवलेला डबा तिथे ठेवायचा. तो दूर झाला की ही पुढे व्हायची. डब्याला हात लावायची नाही. बरोबर आणलेल्या काठीने त्याची कडी उचलून तो साबणाच्या पाण्याच्या बादलीत सोडायची. हे करताना ती मुलाकडे बघत नसे. आधी दोघं लांबून भरपूर बोलत, ‘भात शिजवून देतात का रे, डास आहेत का’, नंतरही बोलत. काठीने डबा उचलण्याचे तेवढे क्षण मात्र ती मान वर करायची नाही, आणि तोही पाठ करून उभा राहायचा.

हे बघितल्यावर माझ्या नायकाची आई बदलली. १९८२ साली साथ नव्हती. पण पगार बंद झालेला मुलगा हीसुद्धा घराला भीतीच असते. दर महिन्याची मनिऑर्डर थांबलेली, तोंडं वाढलेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, धाकट्या भावाच्या बायकोच्या मनात वाटणीची शंका. आता माझ्या प्रकरणात आई भाकरतुकडा ओवाळतेच, पायांवर पाणी घालतेच. पण त्याच्या ट्रंकेकडे बघते आणि ती ओटीवरच ठेवायला सांगते. ट्रंक आत जायला पुढे दोन प्रकरणं लागतात. त्या दोन प्रकरणांत माझी सगळी कादंबरी आहे, असं मी आज म्हणेन. २०२० च्या वर्षात माझी प्रगती विचाराल तर ती एवढीच: ओटीवर थांबलेली एक ट्रंक.

श्रद्धेचं विचारलंत. माझी श्रद्धा ग्रामदेवतेवर आहे, नवसाची आहे, पालखीपुढे डोळ्यांत पाणी येणारी आहे. ‘देव आहे, आपल्याला काही होणार नाही’ असं सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळ जण म्हणत. मला ते पटलं नाही. आमच्या देवीने आजवर गावातल्या कुणाला मरणातून सूट दिलेली नाही, आणि तिच्याकडे तशी मागायचीही आमची रीत नाही. आमची रीत गाऱ्हाण्याची. गुरव उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने देवीला सांगतो, एकेरीत, हक्काने. रोगराई दूर ठेव, गुराढोरांना सांभाळ, पाऊसपाणी वेळेवर दे, पोटासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांची राखण कर. प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा!"

त्या वर्षीचा शिमगा मार्चमध्ये आधीच होऊन गेला होता, म्हणून पालखी तरी घरी येऊन गेली होती. नंतर देवळाला कुलूप लागलं. गुरव तेवढा सकाळी जाऊन पूजा करी, दिवा लावी. आमचं आगर देवळाच्या मागच्या बाजूला. पहाटे मी पडवीत लिहायला बसते, तेव्हा त्याचा आवाज गडग्यावरून यायचा. एकटाच गाऱ्हाणं घालत असे. आणि प्रत्येक मागणीनंतर, गाव जिथे ‘व्हय महाराजा’ म्हणतं तिथे, तो थांबायचा. तेवढाच वेळ, जेवढा गावाला म्हणायला लागतो. मग पुढची मागणी. मी पडवीतून म्हणत असे. माझा आवाज तिथवर पोचत नसणार, पण न म्हणता पेन हातात धरणं मला जमलं नाही.

असं सगळीकडेच चाललं होतं. रमजानचा महिना त्या वर्षी एप्रिलअखेर लागला; हर्णै-केळशीकडच्या मोहल्ल्यांत बांग वेळेवर व्हायची, नमाज मात्र घराघरांत. आषाढीला माउलींच्या नि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. कोकणात वारीला जाणारी माणसं घाटावरच्यापेक्षा थोडी, तरी ते चित्र बघून आमच्याकडेही माणसं गप्प झाली.

आता जे सांगते ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तो गुरव ग्रामकृती दलातही होता. पाळीप्रमाणे रात्री वेशीवर बांबूपाशी बसायचा. रात्री मुंबईहून आलेल्या गाडीला ‘आत नाही, शाळेत चला’ असं बजावून सांगणारा तोच, आणि सकाळी ‘मुंबईच्या लेकरांची राखण कर’ असं देवीला सांगणाराही तोच. दोन्ही त्याने मनापासून केलं. यातलं एक खरं नि एक खोटं असं ठरवायला गेलात तर माणूस हातातून निसटेल. श्रद्धेने मला धीर दिला का, याचं उत्तर मला नीट देता येत नाही. पण एकाच माणसाच्या छातीत भीती नि माया दोन्ही पुरत्या भरलेल्या असू शकतात, आणि तरी तो देवासमोर उभा राहू शकतो, हे बघायला मला श्रद्धेनेच शिकवलं. मी देवळाबाहेरची असते तर त्या गुरवाला ढोंगी म्हणून मोकळी झाले असते. कादंबरीकाराला असं मोकळं होऊन चालत नाही.

देवळं उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीतल्या पाडव्याला. मधे गणपती होऊन गेले. मूर्ती घरात दोन फुटांची, मंडळाची चार फुटांची असं बंधन होतं. चाकरमान्यांनी किती दिवस वेगळं राहायचं, चौदा की दहा, यावर तर गावोगाव सभा झाल्या. त्या सभांची भाषा मी भरपूर टिपून ठेवली आहे.

त्याआधी वादळ. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि मंडणगड-दापोलीचा किनारा झोडपून गेलं. पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट आडवे. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे त्या दुपारचा हिशेब अजून मिटलेला नाही. घराची अर्धी कौलं गेली. हस्तलिखित माजघरातल्या फडताळात होतं, तेही भिजलं. तुम्ही कागदावर लिहीत असाल तर ऐका: शाईच्या पेनाने लिहिलेल्या पानांवर नुसते निळे ओघळ राहिले, बॉलपेनाची पानं चिकटली पण अक्षर गेलं नाही. एकेक पान सोडवून चुलीच्या वर बांधलेल्या फळीवर, जिथे पावसाळ्यात आम्ही आमसुलं नि सुकट ठेवतो, तिथे सुकवलं. वीज कित्येक आठवडे नव्हती, मोबाईलची रेंज नव्हती. कंदिलाच्या उजेडात ती पानं उतरवून काढली आणि उतरवता उतरवता बरंच गाळलं. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरण झालं की त्याचे फोटो काढून मुंबईला भाचीकडे पाठवते.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, मी लिहिलं नाही. माझे थोरले दीर मुंबईत गेले. आम्हाला जाता आलं नाही; शेवटचं सगळं पालिकेच्या माणसांनी केलं. दहावा इथे नदीवर केला, भटजी फोनवरून सांगत होते. पिंडाला कावळा शिवेना. बराच वेळ गेला, तेव्हा यजमान मोठ्याने म्हणाले, "दादा, वहिनीला गावाला घेऊन येतो." जाऊबाई पावसाच्या तोंडावर आल्या, आणि त्या आजही आमच्यात आहेत. यावर मी कथा लिहिलेली नाही, लिहिणारही नाही. तुमच्या टोचणीबद्दल मला म्हणायचं ते एवढंच की घरात मरण असताना न लिहिणं हा आळस नव्हे. ते महिने तुमच्या कादंबरीच्या खात्यावर उधार म्हणून मांडू नका. त्या काळात तुम्ही सासऱ्यांचं सगळं केलंत, पोराचा ऑनलाइन वर्ग डोंगरावर रेंज शोधत केलात, असं तुम्हीच लिहिलंय. मग थांबलं म्हणजे कुठे थांबलं?

एक सवय मात्र मी सोडली नाही. कादंबरी बंद असतानाही जमाखर्चाच्या वहीत रोज चार ओळी. त्यात विचार नाहीत, भावना नाहीत. आज तांदूळ कुठून आला, कोण आलं, कुणाला अडवलं, काय शब्द वापरले, दारावर काय बांधलं, औषध म्हणून काय काढा केला. घटना ताजी असते तेव्हा तिचा अर्थ लावायची घाई होते, आणि तो अर्थ महिन्याभरात शिळा होतो. काढ्यात किती मिरी घातली, हे नाही शिळं होत.

तो काळ कादंबरीत आणावा का? माझं मत असं की तेव्हाच्या तेव्हा आणू नये. आता आणायला हरकत नाही, किंबहुना आणावा. पण पार्श्वभूमी म्हणून नको. ‘आणि मग कोरोना आला’ असं म्हणून पात्रांना घरात कोंडायचं आणि कथानक पुढे ढकलायचं, ही सोय झाली. तुमच्या पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि साथीने नेमकी तीच गोष्ट बांबूच्या पलीकडे नेली पाहिजे.

आणावा असं मी का म्हणते, त्याचं कारण जुनं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गावोगाव गेली. कोकणात येणारी बोटीने येत, नाहीतर पायी. आपल्याकडे रेल्वे पुरती सुरू व्हायला १९९८ उजाडलं. १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगपायी झाला, आणि २०२० मध्ये महाराष्ट्राने वापरला तोही तोच. इतकी माणसं इथल्या बंदरांत उतरली असणार. पण माझ्या माहेरी नि सासरी प्लेगच्या ज्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या गेलेल्यांच्या. गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्याच्या. जो परत आला त्याला दारात कुणी कसं घेतलं, कुणी घेतलं नाही, याची एकही गोष्ट माझ्या कानावर आलेली नाही. घराला लाज वाटते ते घर विसरतं. आपल्याकडेही ते सुरू झालंय: परवा एका लग्नात, वेशीवरच्या बांबूचा विषय निघाला तर शेजारच्या वाडीतला माणूस ठासून सांगत होता की आमच्याकडे असं काही झालंच नाही. मी त्या बांबूपाशी उभी राहिले आहे.

तेव्हा तुम्ही लिहा. जुनं हस्तलिखित पहिल्या पानापासून वाचत बसू नका, सुधारण्यातच वर्ष जाईल. शेवटचं जे पान लिहिलंत ते काढा आणि त्यातलं माणूस आज कुठे असेल ते आधी ठरवा. मधली वर्षं त्याच्यावरूनही गेलेली आहेत. सालं, तारखा, नियम यांबाबत आठवणीवर विसंबू नका; प्रत्येक टप्प्याचे नियम वेगळे होते आणि सगळ्यांच्या डोक्यात त्यांची खिचडी झाली आहे. तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे गावाच्या ग्रुपचे निरोप कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये असतील, ते मागून घ्या. एकाच रात्रीबद्दल शाळेत राहिलेल्याला विचारा आणि बांबूपाशी बसलेल्यालाही विचारा, दोघांना वेगवेगळं, एकमेकांसमोर नको. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंना जरूर भेटा. घरोघर फिरल्या त्या त्याच, आणि त्यांना कुणी फारसं विचारलेलं नाही. आणि विलगीकरणात कोण कधी आलं, कधी गेलं याची वही तुमच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवलेली असेल, तर सरपंचांना सांगून या पावसाळ्याच्या आत बघून घ्या. आपल्या हवेत कागदाला वाळवी लागायला वेळ लागत नाही.